कच्चं मडकं आणि औंढ्याचे पाय



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४

आजचा श्लोक तुमच्या कानावरून नक्की गेलेला असेल. ज्ञान कुणाकडून आणि कसं घ्यायचं, हे भगवंत अर्जुनाला सांगतात. त्यासाठी तीन शब्द येतात : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार कर, विचार आणि सेवा कर. मग ज्यांनी तत्त्व पाहिलंय ते तुला सांगतील, असा सरळ अर्थ.

पहिल्या आणि तिसऱ्या शब्दावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. गुरुपौर्णिमेला मोबाईल उघडला की प्रणिपात आणि सेवा यांचे शंभर मेसेज येतात. मधला शब्द मात्र कुणी फारसा पाठवत नाही. परिप्रश्न. यातला 'परि' महत्त्वाचा आहे. परिक्रमा म्हणजे चहूबाजूंनी फिरणं, तसा परिप्रश्न म्हणजे चहूबाजूंनी विचारणं. एकदा विचारून समाधान झालं नाही तर दुसऱ्या बाजूने विचारणं. आणि हा शब्द भगवंतांनी बरोबर मध्ये ठेवलाय, नमस्कार आणि सेवा या दोघांच्या मधोमध.

आजचा प्रश्न इथूनच सुरू होतो. विद्यार्थी खरोखर हुशार आहे. शिक्षकही खरोखर जाणकार आहेत. आणि दोघांचं वाजलंय. मुलाला वाटतं सरांचा अहंकार आहे, सरांना वाटतं पोराच्या डोक्यात हवा गेलीय. अशा वेळी प्रणिपात धरायचा की परिप्रश्न?

आधी गीतेतच पाहू. आपण अर्जुनाला आज्ञाधारक शिष्य समजतो, पण जरा नीट वाचा. दुसऱ्या अध्यायात तो स्वतःला शिष्य म्हणवतो, शरण येतो. इथे प्रणिपात झाला. आणि लगेच तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तक्रार करतो! बुद्धी श्रेष्ठ म्हणतोस तर मग मला या भयंकर कर्मात का लोटतोस, तुझ्या मिसळीच्या बोलण्याने माझा गोंधळ होतोय, एक काय ते नक्की सांग, अशा अर्थाचं तो बोलतो. आपल्या शाळेत एखाद्या मुलाने सरांना "तुमचं शिकवणं गोंधळाचं आहे" असं म्हटलं तर काय होईल, कल्पना करा. श्रीकृष्ण काय करतात? ते पुन्हा समजावतात. पुढे पंधरा-सोळा अध्याय समजावत राहतात. आणि अठराव्या अध्यायात, त्रेसष्टाव्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. सातशे श्लोकांचं हे शिकवणं एका शिष्याच्या शंकांवर उभं आहे.

म्हणजे शंका विचारणं हा काही गुरूचा अपमान नाही, एवढं तरी पक्कं. पण प्रत्यक्षात गोष्ट इतकी सोपी नसते. कारण मध्ये अपमान येतो, चारचौघांसमोर झालेला. त्यासाठी गीतेतून बाहेर पडून आपल्या मातीत यावं लागेल.

तेर आणि औंढा

मी मूळची लोह्याची. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. आमच्या तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्या रस्त्यावर उभं राहिलं की एका हाताला लातूर, आणि त्याच्याही पुढे गेलं की धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. दुसऱ्या हाताला नांदेड, आणि तिथून पुढे हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ. त्याच जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं. महाराष्ट्रातल्या सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दुखावलेल्या शिष्याची गोष्ट अशी आमच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा सावकाश पाहू. तेरला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी तिथे पडलेलं थापटणं पाहिलं आणि हे कशाला, असं विचारलं. गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं भाजलंय की कच्चं राहिलंय ते याने कळतं. मग मुक्ताबाई म्हणाल्या, आपणही मडकीच की, आमचीही परीक्षा घ्या. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे शांत बसले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं बसलं आणि ते चिडले. गोरोबांनी निकाल दिला : एवढं एक मडकं कच्चं आहे.

आता नामदेवांच्या जागी बसून बघा. पंढरपूरचा विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, अशी ज्यांची ख्याती. कीर्तनाला उभे राहिले की लोक देहभान विसरतात. आज आपण ज्याला 'गिफ्टेड' म्हणतो ते हेच. आणि त्यांना सगळ्यांच्या देखत कच्चं म्हटलं जातं, तेही डोक्यात थापटणं घालून. परीक्षेची कल्पना जिच्या तोंडून निघाली ती मुक्ताबाई त्यांच्याहून वयाने नऊ वर्षांनी लहान. नामदेवांचा जन्म १२७० चा, मुक्ताबाईंचा १२७९ चा मानतात. राग आला यात नवल काय?

नामदेव पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाजवळ गाऱ्हाणं घातलं. अपेक्षा काय असणार? देव आपली बाजू घेईल. देवाने बाजू घेतली नाही. तुला गुरू नाही, म्हणून ते म्हणाले ते खरं आहे, तू विसोबा खेचरांकडे जा, असं सांगितलं.

नामदेव औंढ्याला गेले. देवळात एक म्हातारा आडवा पडलेला, पाय थेट शिवलिंगावर. ज्याच्याकडून शिकायला इतक्या लांब आलो तो असा! नामदेवांनी सुनावलं, पाय काढा. म्हातारा म्हणाला, बाबा, मी थकलोय, मला हलवत नाही. जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि बाजूला ठेवले. खाली पिंड. पुन्हा उचलले, दुसरीकडे ठेवले. तिथेही पिंड. जिकडे ठेवावे तिकडे पिंड. तेव्हा नामदेव समजले आणि त्यांनी ते पाय धरले.

महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'मुळे ही कथा घराघरात गेली. कीर्तनात आपण ती ऐकतो, पिंडीचा चमत्कार आला की टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. मला मात्र चमत्काराच्या आधीच्या दोन-तीन गोष्टींवर थांबावंसं वाटतं.

निकाल एकाचा, वाट दुसऱ्याची

पहिली गोष्ट. तेरला जे झालं ते खरं होतं, पण अपुरं होतं. गोरोबांनी दोष दाखवला. तो कसा जाईल हे सांगितलं नाही. थापटण्याचं काम तेवढंच असतं. ते कच्चं ओळखतं, भाजत नाही. भाजायला आवा लागतो, आणि नामदेवांचा आवा औंढ्याला होता.

आपल्या आयुष्यातले कितीतरी शिक्षक तेरचे असतात. ते बरोबर ओळखतात, फटकन बोलतात आणि पुढच्या मडक्याकडे वळतात. आपण रागाच्या भरात त्यांच्या मारण्याबरोबर त्यांचा निकालही फेकून देतो. नामदेवांनी तसं केलं नाही. ते रडले, चिडले, देवाकडे भांडायला गेले, पण 'कच्चा' हा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. तो शब्द घेऊनच ते औंढ्यापर्यंत गेले. माझ्या मते नामदेवांचं सगळ्यात मोठं धैर्य यात आहे. राग खरा आणि निकालही खरा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी मनात बाळगल्या.

दुसरी गोष्ट. नामदेवांनी गुरूला पहिल्या भेटीत हटकलं, आणि विसोबा रागावले नाहीत. "तू कोण मला सांगणारा" असं म्हणाले नाहीत. "तुला अजून कळत नाही" असंही म्हणाले नाहीत, जरी ते खरं होतं. त्यांनी नामदेवांच्या आक्षेपालाच काम दिलं. तुझं म्हणणं आहे ना की देव इथेच आहे? मग जिथे नाही ती जागा दाखव. करून बघ. परिप्रश्नाला याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही. आणि गंमत पाहा, नामदेव आले होते पाय काढायला लावायला, पण त्या खटपटीत गुरूचे पाय त्यांच्या हातात आले. प्रश्न विचारता विचारता प्रणिपात होऊन गेला, त्यांना कळायच्या आत.

तिसरी गोष्ट विसोबांबद्दल. परंपरा सांगते की हेच विसोबा एकेकाळी आळंदीत ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचे कट्टर विरोधक होते. मुक्ताबाईंना मांडे करायला खापर मिळू नये अशी त्यांनी व्यवस्था केली. मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि त्यावर मुक्ताबाईंनी मांडे भाजले, हे पाहून विसोबा शरण आले. 'खेचर' हे नावही त्या प्रसंगातून पडलं असं सांगतात. म्हणजे नामदेवांना ज्या गुरूकडे पाठवलं, तो स्वतः कच्चा होता, आणि वयाने लहान असलेल्या भावंडांपुढे वाकून पक्का झाला होता. त्याच्यासमोर चिडलेला हुशार तरुण उभा राहिला, तेव्हा त्याला त्यात आपलंच जुनं रूप दिसलं असेल. माणसाला सावकाश शिकवण्याचा धीर अशा आठवणीतून येतो, असं मला वाटतं.

सरकत्या उताराचं गणित

आता आजच्या काळात येऊ. लोह्यातल्या एका ओळखीच्या मुलाचा मला गेल्या वर्षी रात्री उशिरा मेसेज आला. त्याच्या परवानगीने लिहितेय. बारावीचं वर्ष, लातूरला खोली करून नीटची तयारी. लातूर पॅटर्न म्हणजे काय ते आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. घरी थोडी शेती, सोयाबीन विकून पहिला हप्ता भरलेला. पोरगं विलक्षण हुशार, भौतिकशास्त्रात तर फारच.

त्याचं म्हणणं असं : "ताई, मी क्लास सोडणार. सरांनी सगळ्यांसमोर माझं वही फेकल्यासारखं केलं. म्हणले, शॉर्टकट मारणारी पोरं कच्ची राहतात. माझं उत्तर बरोबर होतं. त्यांच्यापेक्षा चार ओळी कमी."

मी प्रश्न विचारून घेतला. एक उतार, त्यावर घसरणारा ठोकळा, आणि तो उतार स्वतःच आडवा सरकतोय. सरांनी जमिनीवर उभं राहून सगळी समीकरणं मांडली होती. या पोराने स्वतःला उतारावर बसवलं, उतार स्थिर धरला आणि झटक्यात उत्तर काढलं. उत्तर बरोबरच होतं.

मी त्याला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं : तुझा राग त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीवर आहे की बोलण्यावर? पद्धतीवर असेल तर तो राग रास्त आहे, तो माझ्यापाशी ठेव. बोलण्यावर असेल तर उद्या वही घेऊन त्यांच्याकडे एकट्याने जा आणि विचार, सर, माझी रीत कुठे चुकेल ते मला दाखवा. "मी बरोबर होतो की नाही" असं विचारू नको. "कुठे चुकेल" असं विचार.

तो दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. सर आधी घुश्शातच होते. मग त्यांनी त्याच गणितातला एक शब्द बदलला. उतार एकसारख्या वेगाने सरकतोय, त्याऐवजी त्याचा वेग वाढत जातोय असं केलं आणि म्हणाले, आता तुझ्या रीतीने कर. पोराने केलं. चुकलं. कारण वेग वाढवत जाणाऱ्या उतारावर बसून गणित करायचं तर एक आभासी बल धरावं लागतं, आणि ते त्याला माहीत होतं, पण त्याच्या झटपट रीतीत त्याला कधी गरजच पडली नव्हती. आधीचं उत्तर बरोबर आलं होतं ते उताराचा वेग बदलत नव्हता म्हणून.

कच्चं मडकं दिसायला पक्क्यासारखंच असतं. पाणी भरेपर्यंत फरक कळत नाही.

सरांनी माफी मागितली नाही. पुढेही मागितली नाही. पण ते असं म्हणाले की तुझी रीत माझ्यापेक्षा चांगली आहे, फक्त तिला तिची अट शिकव. हे वाक्य त्याने मला तीनदा सांगितलं. क्लास त्याने सोडला नाही. सगळं गोड झालं असंही नाही. सर अजून तसेच फटकळ आहेत, आणि हा अजून तसाच तापट. पण त्यांच्यात आता एक वही आहे. भांडण झालं की दोघं त्या वहीकडे बघतात.

मला त्यात औंढ्याची गोष्ट दिसली. ज्या सरांनी वर्गात थापटणं मारलं, तेच खोलीत एकटे भेटल्यावर "तूच ठेवून बघ" म्हणाले. एकाच माणसात गोरोबा आणि विसोबा दोघे असू शकतात. फक्त दुसऱ्यापर्यंत पोचायला प्रश्न घेऊन एकट्याने जावं लागतं.

पण गुरूच चुकत असेल तर?

इथे तुमच्यापैकी काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. "म्हणजे सगळं विद्यार्थ्यानेच समजून घ्यायचं का?" प्रश्न रास्त आहे. परिप्रश्न म्हणूनच घेते.

महाभारतात द्रोणाचार्य आहेत. त्यांनी निषादपुत्र एकलव्याला शिकवायला नकार दिला. त्याने मातीची मूर्ती करून तिच्यासमोर अभ्यास केला. आणि तो अर्जुनाहून पुढे जाईल असं दिसल्यावर त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला. एकलव्याने दिला. आपण त्याच्या गुरुभक्तीचं कौतुक करतो, करायलाही हवं, पण म्हणून मागणाऱ्याचं मागणं योग्य ठरत नाही.

गोरोबा आणि द्रोण यांच्यातला फरक मी असा तपासते. दोघांनीही शिष्याला दुखवलं. पण गोरोबांनी जे हात लावून दाखवलं, ते गेल्याने नामदेव वाढले. द्रोणांनी जे मागितलं, ते दिल्याने एकलव्याचा धनुष्य धरणारा हातच अधू झाला. शिक्षकाच्या कठोर वागण्याने तुमची विद्या वाढतेय की कापली जातेय, हे पाहा. तुमची जात, गाव, भाषा, तुमचं मुलगी असणं यावरून कुणी शिक्षक तुम्हाला कमी लेखत असेल, तर तो तुमचं मडकं वाजवत नाहीये. तो अंगठा मागतोय. तिथे 'माझ्यातच काही कच्चं असेल' म्हणत बसू नका. घरच्यांना सांगा, संस्थेत तक्रार करा, गरज पडली तर दुसरा शिक्षक शोधा. यात गुरुद्रोह नाही.

शास्त्रातही याला आधार आहे. उद्योगपर्वात अंबेच्या प्रकरणावरून भीष्म आणि त्यांचे गुरू परशुराम समोरासमोर येतात. परशुराम सांगतात, अंबेला स्वीकार. भीष्मांची ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा आहे. ते नाही म्हणतात. गुरू गर्वाने भरलेला असेल, काय करावं आणि काय करू नये हे त्याला कळत नसेल, तर त्याला सोडणं योग्य आहे, अशा अर्थाचं एक जुनं वचन ते गुरूंनाच ऐकवतात. आणि तरी युद्धाच्या दिवशी भीष्म रथातून उतरतात, धनुष्य बाजूला ठेवतात, पायी चालत जाऊन परशुरामांना नमस्कार करतात आणि मग लढतात. तेवीस दिवस लढाई चालते. युद्ध थांबल्यावरही ते पुन्हा गुरूंच्या पाया पडतात.

गुरूचं ऐकलं नाही, आणि नमस्कारही सोडला नाही. ज्याला आपण 'एक तर होयबा व्हा, नाही तर बंडखोर व्हा' असं समजतो, त्याच्या मधली ही वाट व्यासांनी किती स्पष्ट दाखवलीय! भीष्मांचा नमस्कार परशुरामांच्या आज्ञेला नव्हता. ज्याने धनुष्य धरायला शिकवलं, त्या शिकवण्याला होता.

जे शिकवतात त्यांच्यासाठी दोन शब्द

वाचणाऱ्यांत काही जण ट्यूशन घेतात, कुणी गाणं शिकवतं, कुणी ऑफिसात नव्या मुलांना काम शिकवतं. त्यांच्यासाठी विसोबा आहेत. हुशार शिष्य हटकतो तेव्हा आपल्याला टोचतं, कारण आपल्या पायांवर बोट ठेवलेलं असतं. अशा वेळी बोलून गप्प करणं सगळ्यात सोपं. विसोबांनी पाय त्याच्या हातात दिले. तू ठेव, तू बघ. आपल्या म्हणण्यावर खरा विश्वास असलेला माणूसच असं करू शकतो. ज्याला भीती असते की पाय उचलले तर खाली काहीच सापडणार नाही, तो उचलू देत नाही.

आणि एक. कच्चं आहे हे सांगायचंच असेल तर एकट्यात सांगा. तेरला सगळे संत होते, आणि तरी नामदेवांना लागलं. आपल्या वर्गात तर सगळी सतरा-अठरा वर्षांची लेकरं असतात.

पुढे काय झालं

नामदेवांचं आणि त्या मंडळींचं नातं तुटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचं वर्णन आपण आज वाचतो ते नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून. ज्यांच्या पंगतीत ते कच्चे ठरले होते, त्यांचा निरोप त्यांनीच सगळ्या महाराष्ट्रासाठी जपून ठेवला.

पुढे नामदेव स्वतः गुरू झाले. चोखोबा त्यांना गुरू मानत. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवत. गावकुसाबाहेरचा एक आणि घरात दळण-कांडण करणारी एक. ज्यांना त्या काळात कुणी विद्यार्थी म्हणून दारात उभं केलं नसतं, ते नामदेवांच्या अंगणात कवी झाले. औंढ्याला त्यांनी जे शिकून घेतलं, की देव नाही अशी जागा नाही, ते त्यांनी असं वापरलं.

नंतर ते उत्तरेत गेले, पंजाबात राहिले. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला त्यात नामदेवांची पदं आहेत. गुरू ग्रंथसाहिबात आज ती एकसष्ट मोजतात. आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी त्या ग्रंथाला गुरूपद दिलं ते आमच्या नांदेडला. लोह्याहून बसने नांदेडला गेलं आणि हुजूर साहिबमध्ये माथा टेकला, की ज्याला तेरला कच्चं म्हटलं गेलं त्याचे शब्दही त्या गुरूच्या पानांत आहेत, हे मनात येतं. आणि 'शीख' या शब्दाचा मूळ अर्थ शिष्य, हेही.

शेवटची गोष्ट तुम्ही पंढरपूरला गेलात तेव्हा पायाखाली अनुभवली असेल. महाद्वाराची पहिली पायरी म्हणजे नामदेव पायरी. संतांच्या आणि भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तिथे विसावा घेतला, अशी श्रद्धा आहे. १३५० सालची ही गोष्ट मानतात. औंढ्याला एका म्हाताऱ्याचे पाय देवावर आहेत म्हणून ज्याचा संताप झाला होता, त्याने शेवटी सगळ्या दुनियेच्या पायांखाली जागा मागून घेतली. राग कुठून निघाला आणि कुठे जाऊन शांत झाला, ते बघा. म्हणून वारकरी त्या पायरीवर पाय देत नाहीत. आधी डोकं टेकवतात आणि ती ओलांडून आत जातात.

आजचा संकल्प

आज एखादे शिक्षक, गुरू, वरिष्ठ डोळ्यांसमोर आणा, ज्यांच्याबद्दल मनात गाठ आहे. एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे लिहा, त्यांनी जे केलं ते कसं लागलं. काही लपवू नका. उजवीकडे लिहा, ते जे म्हणाले त्यात खरं किती होतं. उजवा रकाना कोरा राहिला तर तो कोराच राहू द्या, ओढून-ताणून भरू नका. पण त्यात एखादी ओळ आली, तर तिच्यापासून एक प्रश्न तयार करा, "हे कुठे चुकेल?" असा. आणि जमलं तर तो प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जा. ते तेरचेच निघाले, तर तुमचा औंढा दुसरीकडे असेल. तो शोधा.

माउलींनी आजच्या श्लोकावर लिहिताना संतांना ज्ञानाचं घर म्हटलं आणि सेवेला त्याचा दरवाजा म्हटलंय. आत शिरल्यावर मात्र गप्प बसायचं नाही, असं मी त्याला जोडून घेते. प्रश्न घेऊन जायचं, वही उघडून ठेवायची.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक, पस्तिसावा. हे ज्ञान मिळाल्यावर मोह पुन्हा होत नाही असं भगवंत म्हणतात, ते खरंच कसं, ते पाहू.

राम कृष्ण हरी.